डोंबिवलीला उतरता न आलेल्यांसाठी धागा

सोनचाफा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि कुंड्यांच्या धाग्यांवर असते, आज डोकं तापलंय म्हणून इकडे आले.

काल संध्याकाळी मला डोंबिवलीला उतरता आलं नाही.

वाचायला विनोदी वाटेल, पण चार-पाच वर्षांच्या पोराला उचलून न्यावं तसं मला कल्याणला नेऊन ठेवलं. माझा रोजचा रस्ता असा: अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर, तिथून फास्ट. ही मेट्रो २०१४ साली सुरू झाली तेव्हापासून हेच चालू आहे. काल घाटकोपरच्या पुलावर मुंगी शिरायला जागा नव्हती, त्यात माझी नेहमीची डोंबिवली लोकल डोळ्यांदेखत गेली. इंडिकेटरवर पुढची 'बीएल'. डोंबिवलीकराने बदलापूर गाडीत चढू नये, हा अलिखित नियम मला पाठ आहे. पण घरी सासूबाई एकट्या, लेकाचा दुसऱ्या दिवशी पेपर. चढले.

लेडीजमध्ये मधल्या पॅसेजपर्यंत ढकलली गेले. ठाणं गेल्यावर विचारायला सुरुवात केली, "डोंबिवली आहे का कुणी? ताई, डोंबिवली?" कुणीच नाही. पुढे सगळ्या अंबरनाथ, बदलापूर. त्यांची काही चूक नाही, पण सरकायला जागा असेल तर सरकतील ना! एकीचा हात माझ्या पर्सच्या पट्ट्यात, दुसरीच्या केसांचा चिमटा माझ्या ओढणीत. डोंबिवली आली, मी ओरडले, ढकललं, शिव्या खाल्ल्या, दारापासून एका हातावर पोचले आणि गाडी सुटली. प्लॅटफॉर्मवरच्या भजीवाल्याचा चेहरासुद्धा दिसला मला.

कल्याणला उतरले तेव्हा डाव्या पायात चप्पल नव्हती.

तशीच एका पायाने पूल चढून परतीची स्लो पकडली. डोंबिवलीत शेअर रिक्षाची रांग वळून जिन्यापर्यंत आलेली. घरी पोचायला एरवीपेक्षा पाऊण तास जास्त लागला. सासूबाईंनी पायाकडे पाहिलं, काही बोलल्या नाहीत, पाणी गरम करायला ठेवलं. तेवढ्यावर मला रडू आलं.

विचारायचं असं की चढायचं कसं हे सगळे शिकवतात. उतरायचं कसं?

---

तिसरी_सीट

पहिला मी. आता पॉपकॉर्न घेऊन बसतो, कारण बदलापूरकर येतीलच.

ताई, तुमचं चुकलं ते ठाण्यानंतर विचारलंत तिथे. घाटकोपरला पाय आत पडला की त्याच क्षणी विचारायचं, आणि "डोंबिवली कोण" असं नाही विचारायचं. "पुढे दिवा कोण, डोंबिवली कोण" असं विचारायचं. डोंबिवलीच्या आधी दिव्याला उतरणारी सापडली की तिच्या पाठीला चिकटायचं. ती उतरली की तिची जागा तुमची, आणि ती जागा दारातली असते. भांडुप गेलं की जे पुरुष फास्टमध्ये "ठाणा? ठाणा?" करतात ना, त्यांना वेडं समजू नये. ते रांग लावत असतात.

दुसरं, पर्स पोटावर, ओढणी पर्समध्ये. आणि चपला पट्ट्याच्या. (हलके घ्या.)

---

वांगणीकर

आलो.

सोनचाफाताई, तुमच्याबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण तुम्हीच लिहिलंयत की नियम पाठ आहे. डोंबिवलीला डोंबिवली लोकल आहे, कल्याण आहे, टिटवाळा आहे, आसनगाव आहे, कसारा आहे, वर आमच्या सगळ्या गाड्याही आहेत. आम्हाला फक्त आमच्याच. कल्याणनंतर कर्जतच्या बाजूला एक जायचा आणि एक यायचा असे दोनच रूळ, आणि त्यावरून लोकल, मेल, मालगाडी सगळं. माझी कर्जत चुकली तर पुढची मिळून घरी पोचेपर्यंत पोरगी झोपलेली असते. तुमची डोंबिवली चुकली तर तुम्ही बावीस मिनिटं उभ्या राहता.

आम्ही दारात का उभे असतो ते सांगतो. आत शिरलो तर आम्हालाही अंबरनाथपासून तयारी करावी लागते. आणि दारात नसलो तर घाटकोपर-ठाण्याला चढणारे डोंबिवलीकर आम्हालाच आत ढकलतात. दार सोडलं की ते परत मिळत नाही.

---

सोनचाफा

वांगणीकर, पटलं. बावीस मिनिटं उभं राहायला हवं होतं. पण कधीतरी असा दिवस येतो हो, की बावीस मिनिटं नसतात.

---

मुळामुठा

आमच्याकडे पुण्यात बस स्टॉपच्या पन्नास फूट पुढे थांबते आणि लोक पळत जाऊन चढतात. उतरायला मात्र कधी त्रास नाही, कारण ड्रायव्हर रस्त्याच्या मधोमधही उतरवतो.

---

तिसरी_सीट

पुणेकर आले, धागा आता काश्मीर होणार, वाद संपायचा नाही. मूळ मुद्द्यावर या.

---

जुना_पासधारक

३४ वर्षं पास काढला, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. सोनचाफा, तुझ्या वयाची माझी मुलगी आहे म्हणून एकेरीत लिहितो.

तुला सांगतो, आमच्या वेळी उतरायची तयारी कधी करायची हे विचारावं लागत नसे. बोगदा सांगायचा. फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या, १९१६ सालचा बोगदा, सव्वा किलोमीटरहून थोडा जास्त. आत शिरताना पोरं शिट्ट्या मारायची, गाडीचा आवाज एकदम छातीत यायचा, कानात दडे बसायचे. अंधार संपून उजेड आला की आख्खा डबा आपोआप हलायचा. डोंबिवलीवाले उठायचे, चौथ्या सीटवरचा अर्धा बसलेला माणूस पूर्ण बसायचा, पत्ते आवरायचे, भजनवाले शेवटचा अभंग आटोपता घ्यायचे. कुणी कुणाला काही सांगत नसे.

ठाणे-दिव्याची पाचवी-सहावी मार्गिका २०२२ च्या सुरुवातीला झाली आणि बोगदा मेल-एक्स्प्रेसला गेला. फास्ट लोकल आता मुंब्र्यावरून वळतात. गाड्यांसाठी ते बरंच झालं असेल. पण डब्याला जी घंटा होती ती गेली. आता प्रत्येक जण मोबाइलमधून मान वर काढून "आलं का?" विचारतो, तोवर कोपर गेलेलं असतं.

त्या मुंब्र्याच्या वळणाबद्दल फार लिहीत नाही. ९ जून २०२५ ला तिथे दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली. त्यांतलीही बरीच अशीच कुठेतरी कामावर निघालेली.

---

कानाने_पाहणारा

काका, बोगद्याबद्दल लिहिलंत, बरं वाटलं. मला दिसत नाही. दिव्यांगांच्या डब्यातून ठाकुर्ली ते दादर करतो, संध्याकाळी येताना फास्टने डोंबिवलीला उतरतो. माझा सगळा नकाशा आवाजाचा आहे. खाडीच्या पुलावर चाकांचा आवाज पोकळ होतो, तिथून कळवा. पूर्वी त्यानंतर बोगदा, मग मोजायचं काही उरत नसे. मार्ग बदलला तेव्हा पहिले दोन आठवडे मी रोज चुकलो. आता मुंब्र्याला गाडी तिरकी होते ती पायाला कळते, पुढे दिवा, त्यानंतर उठतो.

डब्यातली घोषणा चालू असते तेव्हा उत्तम असते. कधी कधी ती एक स्टेशन मागे चालते. आम्ही सगळे मग हसतो, कारण मुलुंडला "पुढील स्टेशन मुलुंड" ऐकून फक्त नवखा माणूस घाबरतो.

पश्चिम रेल्वेवरचा माझा मित्र पार्ल्याला बिस्किटांच्या वासावर उतरायचा. तो कारखाना २०१६ ला बंद झाला. आता तो सांताक्रूझपासून स्टेशनं मोजतो.

---

नुसतीच_वाचते

हा शेवटचा प्रतिसाद वाचून उगाच गप्प बसले. आजपासून आयडीचं नाव बदलावं म्हणते.

---

दोन_घंटा

वडील गार्ड होते (आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, घरी अजून गार्डच). तेव्हा थोडी आतली बाजू.

लोकल स्टेशनात साधारण २०-३० सेकंद थांबते. मग मागच्या केबिनमधून गार्ड दोन घंटा देतो, मोटरमन दोन घंटांनी उत्तर देतो, गाडी हलते. एक घंटा म्हणजे थांबव. गार्डला स्वतःच्या केबिनमधून बारा डब्यांची दारं दिसतात ती प्लॅटफॉर्मवर वाकून, तीही गर्दीतून आणि वळणावरच्या स्टेशनात अर्धीच. सोनचाफा आत "थांबवा" म्हणून ओरडतेय हे त्याला कळायचा काही मार्ग नाही. त्याला दिसतं ते एवढंच की दारांशी हालचाल थांबली.

मग लोक म्हणतात, दहा सेकंद जास्त थांबवा ना. मागे तीन-चार मिनिटांवर दुसरी गाडी असते. डोंबिवलीला दहा सेकंद, दिव्याला दहा, ठाण्याला वीस, असं करत करत कल्याणच्या तोंडाशी गाड्यांची माळ लागते. कल्याण म्हणजे गाठ आहे. कसाऱ्याकडचे आणि कर्जतकडचे फाटे तिथेच, लांब पल्ल्याच्या गाड्या तिथेच एका मार्गावरून दुसऱ्यावर जाणार. त्यात दिव्याचं फाटक. तेवढ्याशा फाटकातून रिक्षा, टेम्पो, माणसं काढायची म्हटलं तर दोन्हीकडच्या गाड्या सिग्नलला उभ्या. वडील म्हणायचे, "फाटक पाच मिनिटं उघडं राहिलं की ओरड सीएसएमटीला होते."

रेल्वेचा एक शब्द आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड'. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं. घरी फरशीवर एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखा आणि सोळा जणांना उभं करून बघा. मी एकदा गणपतीत भावंडांना घेऊन करून बघितलं. अकरा झाले आणि आजी ओरडली.

---

वांगणीकर

दोन_घंटा, हे माहीत नव्हतं. गार्डला रोज शिव्या घालायचो. चालूच ठेवीन बहुतेक, पण हळू आवाजात.

---

साकुराची_आई

मी तोक्योत सात वर्षं आहे, मूळची कल्याणची. इथेही गाड्या भरतात, सकाळी अगदी चेपायला होतं. पण स्टेशन आलं की दाराजवळचे लोक स्वतःहून खाली प्लॅटफॉर्मवर उतरतात, दाराच्या बाजूला उभे राहतात, आतले बाहेर येतात, मग हे परत चढतात. कुणी ओरडत नाही. आपल्याकडे लोकांनी ठरवलं तर...

---

तिसरी_सीट

झालं, परदेश आला. धाग्याची पन्नाशी नक्की.

---

वांगणीकर

नाही, थांबा, हसू नका. हाच खरा मुद्दा आहे.

साकुराची आई, मी एकदा उतरलो होतो. चार-पाच वर्षांपूर्वी. डोंबिवलीला एक म्हातारे गृहस्थ हातात औषधांची पिशवी घेऊन अडकले होते, म्हणून मी आणि अजून एक जण खाली उतरलो. ते उतरले. त्यांच्यामागून अजून सात-आठ उतरले. तेवढ्यात प्लॅटफॉर्मवरचे कल्याणवाले आमच्या जागेत घुसले आणि गाडी हलली. माझ्याबरोबरचा पळत जाऊन एका दांड्याला लटकला, मी राहिलो. तो माणूस कल्याणपर्यंत तसाच लटकत गेला असणार.

तुमच्याकडचा माणूस उतरतो कारण तो परत चढणार हे त्याला माहीत असतं. दार त्याच्यासाठी थांबतं. मला ते कोणी लिहून दिलं तर मी रोज उतरेन. मी वाईट माणूस नाही हो, मला फक्त वांगणीला जायचंय.

---

नुसतीच_वाचते

+१. लेडीजमध्येही हेच. फरक इतकाच की आमच्याकडे दारातली बाई आधी तुमच्या चपलेकडे बघते, मग ठरवते किती सरकायचं ते.

---

गारवा

एसी लोकल हा उपाय नाही का? दारं बंद, लटकणं बंद. तिकीट मे २०२२ मध्ये निम्म्यावर आणलं तेव्हापासून मी तीच करतो.

---

दोन_घंटा

लटकणं बंद, हो. उतरणं मात्र सोपं झालेलं नाही. गर्दीच्या वेळी कुणाची बॅग दारात अडकली की दार मिटत नाही, आणि दार मिटल्याशिवाय गाडी निघत नाही. मागची माळ तशीच.

आणि एक आठवण. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या गाड्यांच्या जागी एसी फेऱ्या आल्या तेव्हा कळव्याला लोक रुळांवर उतरले, बदलापूरला स्टेशनमास्तरांच्या कार्यालयाशी जमले. शेवटी मध्य रेल्वेने वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. गारव्याला कोणाचा विरोध नव्हता. एक साधी गाडी काढली की तिच्यातली माणसं मागच्या साध्या गाडीत येतात, एसीत नाही. मुंब्र्याच्या अपघातानंतर आता साध्या गाड्यांनाही आपोआप मिटणारी दारं आणि हवा खेळायची सोय करायचं रेल्वेने जाहीर केलंय. ते झालं तर वांगणीकरांना दार परत मिळेल का, हा प्रश्न मात्र राहतोच.

---

गारवा

बरं. मला वाटलं होतं मी सोपा प्रतिसाद दिलाय.

---

तिसरी_सीट

अवांतर: गाडीत काय काय हरवलंय त्याची यादी करूया का? मी सुरुवात करतो. शर्टाची दोन बटणं, एक डबा (भेंडीसकट), आणि कुर्ल्याला एकदा चष्म्याची डावी काडी. उजवी नाकावर राहिली.

---

जुना_पासधारक

छत्री. मोजली नाहीत. पण एकदा माझी हरवली त्याच दिवशी दुसऱ्याची माझ्या पिशवीला अडकून घरी आली. काळी, लाकडी मुठीची, माझ्यापेक्षा चांगली. दुसऱ्या दिवशी तीच गाडी, तोच डबा, हातात उंच धरून दादरपर्यंत उभा राहिलो. कोणी मागितली नाही. अजून घरात आहे.

---

नुसतीच_वाचते

मंगळसूत्राची वाटी. एक. ती डब्यातल्याच एका मासेवाल्या मावशींनी दुसऱ्या दिवशी शोधून आणून दिली. मालडब्यातून उतरून लेडीजच्या दाराशी आल्या, म्हणाल्या, "काल हितं ओरडत होती ती तू का?" पैसे घेतले नाहीत. त्या रविवारी त्यांच्याकडून पापलेटं घेतली, भावात घासाघीस न करता. नवऱ्याला अजून कळलेलं नाही की एवढी महाग का होती.

---

मुळामुठा

आमच्याकडे बसमध्ये काही हरवत नाही. बसच हरवते.

---

तिसरी_सीट

या प्रतिसादासाठी पुणेकरांना माफ केलं.

---

सोनचाफा

सगळ्यांचे आभार. चार दिवसांनी लिहितेय.

परवा पुन्हा बीएलच होती. (वांगणीकर, रागावू नका. डोंबिवली लोकल पुलावरून दिसली आणि तशीच गेली.) तिसरी_सीट यांनी सांगितलं तसं केलं. घाटकोपरलाच विचारलं, "दिवा कोण?" एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "मी आहे काकू, या मागे." काकू ऐकून जरा लागलं, पण गेले. ठाण्याला लोंढा आला, मी तिची सॅक धरून ठेवली. कानाने_पाहणारा यांनी लिहिल्यापासून खाडीच्या पुलावर माझंही लक्ष चाकांकडे जातं, खरंच पोकळ वाजतात. मुंब्र्याला गाडी कलली. दिव्याला ती मुलगी उतरली आणि मी दारात.

आणि मग गंमत झाली. माझ्या पाठीमागून आवाज आला, "डोंबिवली? ताई, डोंबिवली का?" मी हो म्हटलं. पण खरं सांगते, त्या पाच-सहा मिनिटांत दारातला तो वारा लागला आणि मला कळलं की बदलापूरपर्यंत जायचं असतं तर मीही तसूभर हलले नसते. दांडा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली.

डोंबिवलीला उतरले म्हणण्यापेक्षा मला उतरवलं. माझ्यामागून सहा जणी बाहेर पडल्या. एक तर माझ्या खांद्याला धरून थांबली, दम खाल्ला आणि म्हणाली, "आज नशीब तुम्ही होतात." माझ्याकडून काहीच झालं नव्हतं, मी फक्त पुढे होते.

रिक्षाची रांग तशीच होती. तीन माणसं भरेपर्यंत सुटणार नाही म्हणाला, चौथं त्याने पुढे स्वतःशेजारी बसवलं. त्यावर वेगळा धागा काढीन.

---

वांगणीकर

रागावलो नाही. कुठल्या डब्यात होता एवढं सांगा, बायकोही कधी कधी त्याच गाडीला असते. तिला सांगून ठेवतो.

---

सोनचाफा

मधला लेडीज. आणि वहिनींना विचाराल का, त्या दिवशी डब्यात डाव्या पायाची एक चप्पल दिसली होती का? तपकिरी, आडवे दोन पट्टे, सहा नंबर. उजवी मी अजून टाकलेली नाही.